दर्शनाताईची मारणारी टीम

दर्शना इंगोलेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हॉस्पिटलच्या पाणी-शुद्धीकरणाच्या खोलीत टाकीला टेकून उभ्याउभ्या झोपली होती. हातात फोन होता, आणि फोनवर दगडी पाठीचं एक कासव तिच्या हुकमाची वाट बघत होतं. वर कोपऱ्यात सेकंद कमी होत होते. अकरा, दहा, नऊ. मी खाकरलो. तिने एक डोळा उघडला, अंगठ्याने कासवाला मागे घेतलं आणि मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मशीनवाला ना? सहा नंबर बघ आधी. कालपासून बोंबलतंय."

मी डायलिसिसची मशीन सांभाळणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. मुलुंडच्या त्या धर्मादाय हॉस्पिटलचं डायलिसिस सेंटर तिसऱ्या मजल्यावर आहे. दहा बेड, दहा मशीन. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत त्यांचं रक्त चार तास मशीनमधून फिरवून साफ करायचं, आठवड्यातून तीनदा, आयुष्यभर. दर्शनाताई तिथली सिनियर टेक्निशियन. सकाळी सातला पहिली पाळी लावायची. वजन घ्यायचं, हातात दोन जाड सुया टोचायच्या, नळ्या जोडायच्या, आणि मग चार तास कुणाचं प्रेशर पडतंय, कुणाच्या पायात गोळे येतात, हे बघत दहा बेडमधून फिरायचं. पहिली पाळी उतरली की दुसरी. साडेतीनला सुटून आठवड्यातले तीन दिवस घाटकोपरच्या दुसऱ्या सेंटरला, कारण तिथे टेक्निशियन टिकत नाहीत आणि ताईला नाही म्हणता येत नाही.

घर नाहूरला. तिचे वडील वाशिमकडून आले, भांडुपच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला लागले आणि नोकरीत असतानाच गेले. आता दोन खोल्यांत आई शेवंती, भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि ताई. ताईचं अंथरूण स्वयंपाकघरात. आईला कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही मोठा. भाचींना सकाळची शाळा. भाऊ उशिरा येतो, तेव्हा त्याला पाणी प्यायलाही ताईला ओलांडूनच जावं लागतं. अकरा वर्षांत ताईने सलग दोन दिवस सुट्टी घेतली नव्हती. सहा डिसेंबरलाही पहिली पाळी उतरवूनच ती दादरला जायची.

हे सगळं तिने मला एका दमात सांगितलेलं नाही. ती एका दमात काहीच सांगत नाही. मी महिन्यातून दोनदा जायचो, फिल्टर बदलायचो, सेन्सर तपासायचो, आणि माझ्या फोनवरही तोच गेम आहे हे तिला कळल्यावर जेवणाच्या वीस मिनिटांत थोडं थोडं बोलणं व्हायचं.

गेम तसा सोपा आहे. प्रत्येकाकडे सहा राक्षसी प्राणी. मैदानात एका वेळी दोघांचा एकेक. प्रत्येक डावाला दोघांनी एकदम ठरवायचं, मारायचं की हा प्राणी मागे घेऊन दुसरा पुढे आणायचा. मग दोघांचे हुकूम एकाच वेळी उघडतात आणि वेगवान प्राणी आधी मारतो. मागे घेतलेला प्राणी वाचतो, पण त्याच्या जागी येणारा फटका खातो. ज्याचे सहाही पडले तो हरला.

ताईची टीम बघून मी चक्रावलो होतो. ती कुणाला मारतच नव्हती. समोरच्याला थोडंसं विष द्यायचं आणि मग वाट बघायची. आपला प्राणी जखमी झाला की मागे, दुसरा पुढे. तोही जखमी झाला की मागे, पहिला पुढे. मधेमधे औषधपाणी. तिची मॅच पाऊण तास चालायची. समोरचे कंटाळून खेळ सोडून जायचे आणि ताईच्या खात्यात विजय जमा व्हायचा. या असल्या थकवण्याच्या खेळावर ती मुंबईच्या यादीत पहिल्या दोनशेत होती.

"ताई, हा खेळ आहे की नाईट ड्युटी?" मी एकदा विचारलं.

"कुणी मरत नाही ना? मग झालं तर."

प्राण्यांना गेममध्ये आपण नावं देऊ शकतो. कासवाचं नाव माणिक होतं. पाण्यातून वीज सोडणारी एक लांबलचक वाम होती, तिचं नाव वसुधा. बाकी चौघांत एक धोंडू होता, एक शकु. मला वाटलं घरातली माणसं असतील. ती सगळी पेशंट होती.

माणिकदादा बेड तीनवर पाच वर्षं होते. घाटकोपरला झेरॉक्सचं दुकान. चार तास पडून काय करायचं म्हणून त्यांनीच हा गेम डाऊनलोड केला आणि ताईला शिकवला. ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. हॉस्पिटलमध्ये नाही, घरी, एका रविवारी. सोमवारी त्यांचा बेड लावून ठेवला होता. ताईने मला फक्त एवढंच सांगितलं, की मशीन तयार होतं आणि साडेसात वाजले तरी माणूस आला नाही.

वसुधाकाकू मात्र आहेत. त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार बेड चारवर असतात. मूळच्या कुडाळकडच्या, नवरा लालबागला गिरणीत होता, गिरणी गेल्यावर मुलुंडला आले. चौसष्ट वर्षं वय, वजन बेचाळीस किलो, आवाज त्याच्या दुप्पट.

जानेवारीत ताईने मला जेवणाच्या सुट्टीत जवळ बोलावलं. डब्यात मेथीची भाजी होती, तिने खाल्ली नव्हती. फोनवर एक जाहिरात होती. अंधेरीत मार्चमध्ये निवड स्पर्धा. चौसष्ट खेळाडू. पहिले चार बंगळुरूच्या राष्ट्रीय फेरीला. प्रवास आणि तीन रात्री हॉटेल आयोजकांचं.

"जाऊया की ताई! तुझी रँक बसते त्यात."

"मला खेळायचं नाहीये बंगळुरूत."

"मग?"

"झोपायचंय," ती म्हणाली. "खोलीला दार असेल ना? आतून लागणारं? तीन दिवस. पहिल्या फेरीत हरेन आणि झोपेन."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिने हॉस्पिटलच्या ट्रस्टचं नियमांचं पुस्तक दाखवलं, पान दुमडलेलं. साधी रजा मागितली की "बदली टेक्निशियन कोण?" इथे अर्ज थांबायचा. पण क्रीडा रजा नावाचा एक नियम होता. राष्ट्रीय स्पर्धेचं निवडपत्र असेल तर रजा द्यावीच लागते, बदलीची सोय ट्रस्टने करायची. ट्रस्टींपैकी कुणाच्या तरी क्रिकेटच्या हौसेपायी तो नियम आला असणार. अकरा वर्षांत तो कुणी वापरला नव्हता.

"पत्र हवंय मला फक्त," ताई म्हणाली. "पण त्यात एक गोची आहे. हे वाच."

स्पर्धेचा नियम असा होता, की मॅच पंधरा मिनिटांत संपली नाही तर दोघंही बाद. ताईची पाऊण तासाची टीम तिथे कुचकामी.

"तू टीम बनवून दे," ती म्हणाली. "मारणारी. पटकन संपवणारी."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो. त्याच रात्री मी एक्सेल उघडलं. समोर येऊ शकणारे चाळीस प्राणी, प्रत्येकाची ताकद, प्रत्येकाचा वेग, आपल्या कुठल्या फटक्याने कोण किती टक्के खाली येतो. मारणाऱ्या टीमचं गणित वेगळंच असतं. तिथे बचाव नसतो. पहिला प्राणी पुढे जातो, समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड पसरतो, म्हणजे तिथे नवा येणारा प्रत्येक प्राणी येतानाच जखमी होतो. हे काम झालं की तो पहिला प्राणी मरतो. त्याला मरू द्यायचं असतं. तो मेला की पुढचा प्राणी फटका न खाता, ताजातवाना मैदानात येतो आणि धडाधड मारत सुटतो. एक गेला म्हणून दुसऱ्याला फुकट रस्ता मिळतो. मारणाऱ्या टीमचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे.

दगड पसरायला कासव सगळ्यात योग्य होतं. म्हणजे माणिक. आणि त्याच्यानंतर येऊन मारणारी सगळ्यात वेगवान होती वाम. म्हणजे वसुधा.

"वसुधाला चार चाली आहेत," मी ताईला समजावलं. "आत्ता तू तिला छोटी वीज दिलीयेस. ती कधीच चुकत नाही, पण लागते कमी. तिच्या जागी मोठी वीज टाकू. एका फटक्यात समोरचा आडवा."

"आणि ती चुकते?"

"दहातून एकदा. नव्वद टक्के लागतेच."

ताईने डबा बंद केला. "माझ्याकडे दहा बेड आहेत रे. दहातून एकदा म्हणजे रोज एक."

"ताई, हे बेड नाहीत. आकडे आहेत. सरासरी बघ ना."

"दोन्ही ठेव मग. छोटी पण, मोठी पण."

"जागा फुकट जाईल. चारच चाली मिळतात. मी हिशोब केलाय, विश्वास ठेव."

तिने वाद घातला नाही. पहिल्या पाळीनंतर ती कुणाशीच वाद घालत नाही. छोटी वीज काढली, मोठी टाकली.

सराव सुरू झाला आणि ताई हरायला लागली. सलग नऊ मॅच. मी तिच्या मॅचचं रेकॉर्डिंग बघायचो. चूक एकच, दर वेळी तीच. माणिक पुढे जायचा, दगड पसरायचा, मार खायचा, त्याचा जीव वीस टक्क्यांवर यायचा. आता त्याला मरू द्यायचं. आणि नेमक्या त्या डावाला ताई त्याला मागे घ्यायची. त्याच्या जागी आलेली वसुधा, जिच्या अंगावर आता बचाव नावालाही नव्हता, एका फटक्यात मरायची.

"का घेतलास मागे?"

"हात गेला."

"ताई, तो वीस टक्क्यांवर होता, पुढे काही उपयोग नव्हता त्याचा."

"वीस टक्के म्हणजे आहे ना अजून," ती म्हणाली.

मला उपाय सुचला आणि मी भलताच खूश झालो. नावं बदलायची! माणिक नाही, एक नंबर. वसुधा नाही, चार नंबर. एक ते सहा. ताईने खांदे उडवले आणि बदलली. त्या आठवड्यात ती सात मॅच खेळली आणि सातही जिंकली. एक नंबर मेला, चार नंबर आला, मॅच संपली. सहा मिनिटं, आठ मिनिटं. मी तिला फोन करून ओरडलोच, "झकास ताई! बघ, मी सांगितलं होतं ना!"

पलीकडे मशीनची टिकटिक चालू होती.

"हो," ती म्हणाली. "जमतंय."

पुढच्या भेटीला गेलो तर नावं परत जुनी होती. मला रागच आला. इतकं सरळ उत्तर सापडलेलं.

"काय गं ताई हे?"

"दिवसभर मी तेच बोलते रे," ती नळ्या गुंडाळत म्हणाली. "तीनला ऑफ कर. सातला प्रेशर बघ. नऊचं वजन घे. जेवायच्या सुट्टीत पण एक नंबर मेला, चार नंबर आण? ड्युटी वाटायला लागली. तेवढा तर एक वेळ असतो माझा."

हे बोलणं बेड चारपर्यंत जात होतं. वसुधाकाकूंच्या हातात सुया होत्या, हात हलवता येत नव्हता, पण मान वळली.

"गो दर्शना, ह्या काय ऐकतंय मी? माका त्या गेमात घातलंस?"

ताई कानापर्यंत लाल झाली. मी संधी साधली आणि काकूंना सगळं सांगून टाकलं. पत्र, क्रीडा रजा, कासव, वाम, आणि ही कशी कुणाला मरूच देत नाही.

"माका वाम केलंस?" काकू म्हणाल्या. "बोंबील नाय केलंस, ता नशीब. आणि बेड तीनचो माणिक कासव? बरोबर. तसोच चलायचो तो."

"काकू, गप पडा हो. प्रेशर वाढेल."

"वाढांदे. मगे मार ना आमका. मी काय खरीच मरतंय?"

"तुमचं ठीक आहे," ताई हळू म्हणाली. "तुम्ही आहात समोर."

काकूंनी मान माझ्याकडे फिरवली. मग त्यांनी मला विचारलं, "रे झिला, तुका म्हायत आसा माणिक कसो खेळायचो?"

मला माहीत नव्हतं.

"पाच वर्षां माझ्या बाजूच्या बेडार होतो. दोन मिनटांत तीन जनावरां मारून घ्यायचो आणि बोंब मारायचो, गेला, गेला, जाऊ दे, आता बघ! मगे हरायचो. आणि हसायचो. ह्या तुझ्या ताईन त्येका असो सांभाळून ठेवल्यान हा, जसो काय तो बँकेतलो कारकून."

ताई हसली. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडून हसताना पाहिलं. "खरंय," ती म्हणाली. "एकदम आडदांड खेळायचे." आणि तोंड पुसायला म्हणून बेसिनकडे गेली ती पाच मिनिटं आलीच नाही.

स्पर्धेपर्यंत तिने अजून वीसेक मॅच खेळल्या. काहींत माणिकला मरू दिलं, काहींत हात गेलाच. हिशोब अर्ध्या-अर्ध्यावर होता.

तो रविवार. आम्ही घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला गेलो. ताईने आदल्या दिवशी दोन्ही सेंटरच्या पाळ्या केल्या होत्या. बसायला जागा मिळाली आणि दुसऱ्या स्टेशनआधीच ती झोपली. मी तिला उठवून दोन-तीन गोष्टी सांगणार होतो. वहीत लिहूनही आणल्या होत्या. नाही उठवलं.

स्पर्धा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होती. फळ्यावर अजून कुठलं तरी सूत्र अर्धं पुसलेलं. चौसष्ट खुर्च्या, समोरासमोर. बहुतेक कॉलेजची मुलं. ताई सदतीस वर्षांची, सुती कुर्ता, पायात हॉस्पिटलचेच पांढरे बूट, कारण दुसरे आरामात बसत नाहीत. एका मुलाने तिला "मॅडम, पालकांसाठी मागे बसायची सोय आहे," असं सांगितलं. ताई म्हणाली, "बरं," आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

पहिली मॅच सात मिनिटांत. माणिक मेला, वसुधा आली, जिंकली. दुसरी अकरा मिनिटांत. तिसरीत माणिकला मरू द्यायच्या डावाला तिचा अंगठा मागे घेण्याच्या बटणावर गेला, थांबला आणि परत आला. मी मागे उभा होतो. तीही जिंकली. उरले आठ. आता ही एक जिंकली की पहिल्या चारांत, की पत्र.

समोर जान्हवी नावाची बोरिवलीची मुलगी आली, विशीतली, इंजिनियरिंगला असलेली. बसता बसता म्हणाली, "ताई, तुमचं नाव यादीत बघितलंय मी. तुम्ही त्या थकवणाऱ्या ना? एकदा तुमच्याशी खेळता खेळता माझा बसस्टॉप गेला होता. पार दहिसर चेकनाक्याला उतरले."

"सॉरी गं," ताई म्हणाली.

"आज काय, तसंच?"

"नाही. आज वेळ नाहीये."

मॅच दोघीही जोरात खेळल्या. माणिकने सुरुवातीलाच दगड पसरले आणि मग, सहापैकी चार पडेपर्यंत, कसा कोण जाणे, अकरा टक्क्यांवर जिवंत राहिला. तेराव्या मिनिटाला ताईकडे दोनच उरले होते, अकरा टक्क्यांचा माणिक आणि एकही फटका न लागलेली वसुधा. जान्हवीकडे एकच, लोखंडी गेंडा. तो दोनदा ताईच्या दगडांवरून आत आला होता, म्हणून त्याचं अंग सोललेलं होतं. मैदानात माणिक आणि गेंडा. माणिकला मागे घेतलं तर येणारी वसुधा गेंड्याच्या फटक्यात मरणार. माणिकला मरू दिलं तर वसुधा ताजी येणार, गेंड्यापेक्षा वेगवान, आधी मारणार, खेळ संपणार.

वीस सेकंद. ताईने फोन मांडीवरून उचलून दोन्ही हातांत धरला. ती काहीतरी पुटपुटली. मला वाटलं आकडे मोजते आहे. जवळ होतो म्हणून ऐकू आलं.

"गेला, गेला, जाऊ दे."

तिने हल्ल्याचं बटण दाबलं. गेंड्याने धडक मारली. माणिक पडला. स्क्रीनवर कासव उलटं झालं आणि विरून गेलं. ताईने डोळे मिटले नाहीत. वसुधा आली.

मोठी वीज. विजेची एकच चाल, मी दिलेली. स्क्रीन पांढरा झाला, वीज खाली आली आणि गेंड्याच्या बाजूला जमिनीत गेली.

नव्वद टक्के. हे दहातलं एक होतं.

गेंड्याने धडक दिली. मॅच संपली.

जान्हवीने लगेच हात पुढे केला. "ताई, सॉरी हं. लक होतं. तुम्हीच जिंकला होतात."

"असू दे गं," ताई म्हणाली. "छान खेळलीस. बंगळुरूला जा. हॉटेलची खोली बघून घे नीट."

मुलीला काही कळलं नाही. ती हसून उठली.

परत जाताना मेट्रोत मी फोनवर आकडेमोड करत बसलो होतो. करायला नको होती, पण माझा स्वभाव तो. गेंडा दोनदा दगडांवरून आला होता. त्याच्या अंगात जेवढं उरलं होतं, त्याला छोटी वीज पुरली असती. छोटी वीज, जी कधीच चुकत नाही. मी ती काढून टाकायला लावली होती. घाटकोपर यायच्या आधी मी ते तिला सांगितलं.

"माहितीये," ताई म्हणाली. "वीज खाली येत होती तेव्हाच कळलं."

"तू तेव्हाच म्हणाली होतीस, दोन्ही ठेव."

"हो."

"ओरड ना ताई काहीतरी."

"कशाला?" तिने डोकं खिडकीच्या काचेला टेकवलं. "एवढा दम नाहीये माझ्यात. आणि तू उभा होतास ना दिवसभर." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "मला वाटत होतं, त्याला जाऊ दिलं की काहीतरी होईल मला. काही झालं नाही. दमलेली होते तशीच दमलेली आहे."

स्टेशन आलं तेव्हा तिला उठवलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सहा नंबरच्या मशीनची परत तक्रार आली म्हणून मी मुलुंडला गेलो. ताई दिसली नाही. बेडमधून इन्चार्ज सुलक्षणा सिस्टर स्वतः फिरत होत्या, चष्मा डोक्यावर, हातात तीन पेशंटचे कागद. मला बघून म्हणाल्या, "यज्ञेश, तिला काही विचारायला फोन करायचा नाही. काय असेल ते मला विचार. मला सुया टोचायला लावल्यायत तिने या वयात."

सोमवारी सकाळी ताईने अर्ज दिला होता. बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस. कारणाच्या जागी एकच शब्द होता, झोप. सिस्टरांनी तो दोनदा वाचला आणि तिला सांगितलं की 'वैयक्तिक' लिही, वर पाठवायला बरं पडतं. ताई म्हणाली, नाही, झोपच आहे. सिस्टर मला म्हणाल्या, "अकरा वर्षांत या बाईने मला कधी खरं कारण दिलंच नव्हतं. दर वेळी आईचं दुखणं, भावाचं काम, आणि मी म्हणणार बदली कोण. यावर काय म्हणणार? बदली मीच." अर्ज वर गेलाच नाही. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

"आणि घरी कशी झोपणार ती? तिथे तर..."

"घरी कुठे? खाली स्टाफ क्वार्टरमध्ये एक खोली रिकामी आहे. चावी दिलीय."

मी सहा नंबर उघडला. शेजारून हाक आली.

"रे झिला. काय झाला मगे? माका मारल्यान काय तिना?"

"नाही काकू. माणिकदादांना जाऊ दिलं. तुम्ही आलात आणि तुमची वीज चुकली."

"माझी?" काकूंचा रक्तदाब मॉनिटरवर दहाने वर गेला. "माझी वीज चुकली? मेल्या, ती वीज माका दिली कोणी?"

मी म्हटलं, मी.

"मगे?"

मी स्क्रू फिरवत राहिलो. काकूंनी मान परत उशीवर टाकली आणि आवाज खाली आणला, त्यांच्या मानाने.

"सिस्टर सकाळी डबो घेऊन खाली गेली होती. दार वाजवल्यान, तिना उघडल्यान नाय. डबो भायेर ठेवन इली. कालचोय तसोच आसा म्हणता. निजली आसा ती, घोरण्याचो आवाज भायेर येता." त्यांनी मोकळ्या हाताने मला जवळ बोलावलं. "आणि तुझ्या त्या मशीनीक सांग, बोंबलान नको. खाली आवाज जाता."

तीन मजले खाली आवाज जात नाही. तरी मी अलार्म बंद केला आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याच्यापाशी उभा राहिलो.